ओव्याच्या धुरीचा वास

आक्का,

दहाव्याला तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. माणसं मागे सरली न सरली तोच तो आंब्यावरून उतरला, आणि नदीकाठी बसलेल्या बायकांनी सुस्कारा सोडला. "सुटली ठकू. मागं काय ऱ्हायलं न्हाई तिचं," शेजारची भागूबाई म्हणाली. सगळ्यांना बरं वाटलं. मला राग आला. अशा वेळी माणसाला राग येऊ नये, पण आला. काही राहिलं नाही म्हणजे काय? आपलं भांडण राहिलं होतं की! इतकी वर्षं मी तुमच्या तोंडून एक वाक्य ऐकायची वाट बघत होते, ते राहिलं होतं. आणि तुम्ही निघालात ते मागे वळूनसुद्धा न बघता, पौडच्या बाजाराला निघाल्यासारख्या.

घरी आले, अंगावर पाणी घेतलं आणि तशीच परसात सशांच्या खुराड्यांकडे गेले. माझ्या पावलांना ससे उठत नाहीत. तुम्ही ओच्यात हरळी घेऊन यायचात, त्यामुळे तुमच्या जोडव्यांचा आवाज आला की सगळे मागच्या पायांवर उभे राहायचे. छबी माझ्या आधीच तिथे येऊन बसली होती. ती मला काय म्हणाली ते शेवटी सांगते. आधी माझा राग मला पुरता सांगून घेऊ द्या. तुम्ही जिवंत असताना मला कधी पुरतं बोलू दिलं नाहीत, आता तरी ऐका.

छबी रांगायलाही लागली नव्हती तेव्हा माझ्या खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, क्षय आहे. पोरीला जवळ घ्यायचं नाही, पाजायचं नाही, एका खोलीत निजायचंसुद्धा नाही. मी दवाखान्यात गेले आणि माझी मुलगी तुमच्या, म्हणजे माझ्या थोरल्या जावेच्या मांडीवर गेली. शेळीच्या दुधात फडक्याची वात भिजवून तुम्ही तिला पाजलीत, हे मला फार नंतर कळलं. एकदाच तुम्ही तिला दाखवायला आणलीत. आत आणायची परवानगी नव्हती, आणि असती तरी मी येऊ दिलं नसतं. कुंपणापलीकडे उभ्या राहून तुम्ही तिला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलीत. मी व्हरांड्यातून हात हलवला. छबी रस्त्यावरच्या बैलाकडे बघत होती. "अगं तकडं बघ, तकडं," तुम्ही ओरडत होतात, आणि ती काही केल्या माझ्याकडे बघेना.

मी बरी होऊन आले तेव्हा ती चालत होती, बोलत होती आणि तुम्हाला आय म्हणत होती. मला बघून तुमच्या लुगड्यामागे लपली. "कोन हाय ती?" तिनं विचारलं. तुम्ही काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "काकी." का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. डॉक्टरांनी अजून काही दिवस जपायला सांगितलं होतं, हे एक. आणि मी तुमचा चेहरा बघितला होता, हे दुसरं.

ससे आले ते त्याच वर्षी. भावजी, म्हणजे तुमचे मालक, पुण्याला एका बंगल्यावर माळीकाम करायचे. तिथल्या बाई विलायतेला निघाल्या आणि जाताना पांढऱ्या सशांची जोडी त्यांच्या स्वाधीन करून गेल्या. भावजींनी ती टोपलीत घालून, वर फडकं बांधून एस.टी.नं आणली. मला तेव्हा जड काम मना होतं. भातलावणी नाही, मोळी नाही, पाण्याचा हंडाही नाही. बसून खाणारी सून म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्ही ती टोपली माझ्यापुढे आणून ठेवलीत. "घे. हलकं काम हाय. कान धरून उचलू नगंस, असं ह्ये म्हनत्याती."

सशांचं कसं करायचं ते त्या बाईंनी भावजींना शिकवलं होतं. ते सुट्टीला घरी आले की मला सांगायचे, आणि मी तुम्हाला. ओलं गवत घालायचं नाही, पोट फुगतं. नर वेगळा ठेवायचा. ओल आणि मुंग्या यांपासून जपायचं. नवऱ्याचं ज्ञान जावेच्या तोंडून ऐकायला तुम्हाला अजिबात आवडायचं नाही. "त्येस्नी काय म्हाईत? त्येंनी कदी बाळंतपन केलंय व्हय?"

मादीचं नाव तुम्हीच कापशी ठेवलंत. ती पहिल्यांदा गाभण राहिली तेव्हा आपण चहाच्या खोक्यात पेंढा घालून तिला जागा करून दिली. एके दिवशी ती तोंडानं स्वतःच्या पोटावरचे केस उपटून त्या पेंढ्यात घालायला लागली. तुम्ही हातातलं काम टाकून बघत बसलात. "अंगावरचं काढून घालतीया गं," म्हणालात, आणि तुमचा आवाज बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या केसांच्या गादीत पिल्लं हलत होती. उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाएवढी. मी आनंदानं घरात सांगायला गेले आणि परत येऊन बघते तो खुराड्याच्या दारात शेगडी! निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या साली, आणि तुम्ही सुपानं धूर आत लोटताय.

"आक्का, अहो काय करताय? सशाला धूर सोसत नाही!"

"बाळंतीन हाय ती. धुरी नगं? वारं लागंल पोरास्नी."

कापशी शिंकत होती, मागचे पाय आपटत होती. मी शेगडी उचलून लांब नेली. दिवसभर तुम्ही माझ्याशी अबोला धरलात. संध्याकाळी तांदूळ निवडताना, सुपातून नजर वर न काढता म्हणालात, "मला दोन येळा धुरी दिली आत्याबाईंनी. दोनी येळा मधीच शेगडी उचलली. पाचवी पुजायच्या आदीच पोरं गेली. मंग धुरी कुनाला देत्याल?"

तुमची दोन गेली हे मी लोकांकडून ऐकलं होतं. तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि नंतर कधीच नाही. मग मीच म्हणाले, की धुरी देऊच, पण पेंढ्याला देऊ, बाहेर अंगणात. चांगला वारा लागला की मग आत घालू. पुढच्या खेपेला पेंढा अंगणात पसरून तयार होता. तेव्हापासून आपल्याकडचं प्रत्येक पिल्लू ओव्याच्या वासात जन्माला आलं.

पण भांडण हे नव्हे. भांडण त्यानंतर झालं.

सशाची मादी पिल्लांजवळ बसून राहत नाही. पहाटे किंवा तिन्हीसांजेला येते, उभ्या उभ्या पाजते, आणि जाऊन लांब कोपऱ्यात बसते. पिल्लांची पोटं टम्म दिसली की समजायचं, पाजून गेली. हे भावजींनी बजावून सांगितलं होतं. तुम्हाला पटेना. तुम्ही शेळ्या सांभाळलेल्या, कोंबड्या बसवलेल्या. पिल्लं इकडे नि आई तिकडे पाला खात बसलेली, हे बघून तुमचा जीव तुटायचा. मी शेजारी गेलेली बघून तुम्ही कापशीला धरलीत आणि जबरदस्तीनं पिल्लांवर बसवलीत. ती घाबरून उसळली आणि एक पिल्लू तिच्या पायाखाली सापडलं.

मी आले तेव्हा ते तुमच्या तळहातावर होतं. तुम्ही रडत होतात आणि कापशीला शिव्या देत होतात. "सटवी! पोटची टाकून लांब बसतीया. ही कसली आय?"

छबी तुमच्या गुडघ्याला धरून उभी होती. तुम्ही सशिणीला बोलत होतात, मला कळत होतं. तरी ते मला लागलं. फार लागलं. मी कधी कुणावर ओरडले नव्हते इतकी ओरडले. "लांब बसते म्हणून वाचतात! सारखी जवळ बसली तर तिच्या वासावर मांजर येईल, मुंगूस येईल, एकसुद्धा राहणार नाही! लांब बसायला तिला काय बरं वाटतं का?"

सशिणीला काय वाटतं ते कुणाला ठाऊक. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग छबीकडे बघितलंत. तुम्हाला सगळं समजलं, हे मी तुमच्या तोंडावर वाचलं. मला वाटलं, आता म्हणाल, "कुसुम, तुला न्हाई म्हनले मी." एवढंच हवं होतं हो मला. तुम्ही पिल्लू घेऊन परसाच्या टोकाला गेलात, खड्डा करून पुरलंत, हात धुतलेत आणि चुलीपुढे जाऊन बसलात. ते वाक्य तेव्हा राहिलं ते राहिलंच.

उलट तुमचं दुसरंच सुरू झालं. "छबीला तुला आई म्हनायला शिकव." मला वाटायचं, हे तुम्ही मला भीक घातल्यासारखं देताय. बोललात त्याची भरपाई करताय.

"मला आय म्हनती, तुला आई म्हनू दे. दोन नावं हायेत की."

"नको. काकी बरी आहे."

"लई ताठा हाय तुला."

"आहेच."

हे संभाषण आपण किती वेळा केलं असेल! भाकऱ्या थापताना, खुराडी झाडताना, एकदा तर एस.टी.त, भूगावच्या थांब्यावर सगळी माणसं ऐकत असताना. दर वेळी तुम्ही ताठ्यावर यायचात आणि मी "आहेच" म्हणून तोंड फिरवायची.

तरी सशांच्या कामात आपलं कधी अडलं नाही, ही गंमतच म्हणायची. कापशीच्या जोडीला आपण ठिपकी घेतली होती. दोघींना एकाच सुमाराला नराला दाखवायचं, म्हणजे एकीचं काही बरंवाईट झालं तर पिल्लांना दुसरी असते, असं भावजी सांगायचे. तसंच झालं. ठिपकी पिल्लं घालून दुसऱ्या दिवशी गेली. पिल्लं गार पडली होती. तुम्ही ती एकेक करून चोळीत घातलीत आणि तशाच बसून राहिलात, हलू नये म्हणून तहान लागली तरी उठला नाहीत. ती पुन्हा वळवळायला लागली तेव्हा पुढचा प्रश्न आला. परक्या वासाचं पिल्लू कापशी घेईल का? मला धीर होईना. तुम्ही धुरीचा पेंढा मागवलात. त्याच पेंढ्यानं कापशीची पिल्लं हलक्या हातानं पुसलीत, ठिपकीची पुसलीत, सगळी एका गादीत एकत्र केलीत, वर केस पांघरलेत, आणि कापशीला तिन्हीसांजेपर्यंत बाहेर ठेवलीत. मग ती आत गेली. हुंगलं, थांबली, आणि सगळ्यांवर उभी राहून पाजायला लागली.

"वास एक झाला की झालं," तुम्ही पुटपुटलात आणि माझ्याकडे बघितलंत. छबी आपल्या दोघींच्या मध्ये उकिडवी बसली होती. तिला न्हाऊ घातलं की तुम्ही तिच्या केसांनाही ओव्याची धुरी द्यायचात. माझ्या लुगड्यालाही तोच वास होता, घरभर तोच होता. तुम्ही कशाबद्दल बोलताय ते मला कळलं होतं. मी कळलं नाही असं दाखवून हरळी आणायला उठले.

पुढे पिल्लांना पिल्लं व्हायची वेळ आली. भावंडांची आणि माय-लेकरांची जोडी लावायची नाही, पुढची पैदास रोगट निघते, असा भावजींचा हुकूम. कोण कुणाचं हे लक्षात ठेवायला मी पाटी काढली, तर तुम्ही हसलात. लग्नात कुळाचं देवक बांधतात तशी कापशीच्या वंशाच्या खुराड्यांना कळंबाची डहाळी बांधलीत आणि ठिपकीच्या वंशाला रुईची. "ही कळंबाची, ती रुईची. एका देवकात लगीन न्हाई." सूसहून, तुमच्या माहेरून, नवा नर आणला तेव्हा त्याला पंचपल्लव बांधून तुम्ही त्याची रीतसर सोयरीक ठरवलीत. साखर वाटलीत! माणसांच्या लग्नात एवढी चौकशी होत नाही, असं भावजी म्हणाले. एका सकाळी शेळी सुटली आणि तिनं सगळी देवकं खाल्ली, तेव्हा माझी पाटीच कामी आली, हे मात्र तुम्ही मरेपर्यंत कबूल केलं नाहीत.

पुण्याहून तो व्यापारी आला होता, आठवतो? जाड मिशांचा. दर महिन्याला टोपलीभर पिल्लं हवी होती त्याला. बाळंत झाल्या झाल्या मादी नराला दाखवली की पुन्हा भरते, असं तो तुम्हालाच शिकवायला लागला. तुम्ही कमरेवर हात ठेवलेत. "ओली बाळंतीन हाय ती. तिला इसावा नगं? दर म्हयन्याला तुमी बाळंत होऊन दावा, मंग देते." तो उठून गेला तो परत आला नाही. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. आईचं पिणं सुटून नीट चारा खायला लागल्याशिवाय तुम्ही एक पिल्लू कुणाला दिलं नाहीत. आणि न्यायला आलेल्या माणसानं कान धरून उचललं, की त्याच्या हातातून काढून परत खुराड्यात. त्या वेळी तुमच्याबद्दल मला इतकं प्रेम वाटायचं, की भांडण विसरायला व्हायचं. मग तुम्ही पुन्हा ते आईचं काढायचात.

शेवटच्या तापात तुम्ही मला हाक मारलीत. सगळे बाहेर होते. मी जवळ जाऊन बसले, तुमचा हात हातात घेतला. मला वाटलं, आता बोलाल.

"धाकट्या कापशीनं केस उपटलं का गं?"

"उपटले," मी म्हणाले.

"मंग पेंढा घाल तिला. धुरीचा."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी पेंढा घातला. रडत रडत आणि चिडत चिडत घातला. माझ्यापेक्षा सशीण महत्त्वाची, म्हटलं. धाकटी कापशी, थोरल्या कापशीच्याच वंशातली, सुतकात व्याली, तुम्ही गेलात त्याच्या पाठोपाठ.

आता दहाव्याचं सांगते. मी नदीवरून रागात आले तेव्हा छबी खुराड्याशी बसली होती. परकर गुडघ्यात खोचलेला, डोळे सुजलेले. आता तिला तुम्ही डोक्यावर धरू शकला नसता, माझ्या खांद्याला लागते. तिनं खोक्यावरचे केस बोटानं जरा बाजूला केले, आत बघितलं, पुन्हा नीट झाकले. धाकटी कापशी पार कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून बसली होती.

"पाजून गेली, काकी. समद्यांची पोटं भरल्याती." मग म्हणाली, "आय म्हनायची, तुजी काकी बी अशीच व्हती."

"अशीच म्हणजे कशी?"

"म्हनायची, काकीला तुला घ्यायचं लई व्हतं. पर ती लांब ऱ्हायली. लांब ऱ्हायली म्हनून तू हायेस." छबीनं हे पाठ असल्यासारखं म्हटलं. "म्हनायची, तिच्यावानी आय कुनाला गावत न्हाई."

"कधी म्हणायची?"

"लई येळा. लहान व्हते तवापास्नं. पेंढ्याला धुरी देताना, दर बारीला."

मी खुराड्याच्या कारवीच्या काठ्या धरून उभी राहिले. दर खेपेला, आक्का! मी आत ताठ्यानं भांडी घासत असायची, आणि तुम्ही अंगणात निखाऱ्यांवर ओवा टाकत तिला हे सांगत असायचात. जे मला ऐकायचं होतं ते तुम्ही बोलून ठेवलं होतं, जिला सांगायला हवं तिला सांगितलं होतं. मला एकदा सांगितलं असतंत तर काय झालं असतं? पण मला सांगायचं, म्हणजे तुम्हाला त्या मेलेल्या पिल्लाचं नाव काढावं लागलं असतं. ते तुमच्यानं झालं नसतं. हे मला आत्ता कळतंय, तुम्हाला सांगता सांगता.

कावळ्याचं काही चुकलं नव्हतं. तुमचं काही राहिलं नव्हतं.

"आनि जाताना म्हनली, आता काकीला आई म्हन." छबीनं मान खाली घातली. "म्या म्हनून बगितलं. हितं एकलीच बसून. जीभ वळंना."

"नको वळवूस," मी म्हणाले. "काकीच म्हण."

ती उठली आणि माझ्या गळ्यात पडली. तिच्या केसांना ओव्याचा वास होता. तुम्ही नसताना आज तिनं एकटीनं शेगडी पेटवून बदलायच्या पेंढ्याला धुरी दिली होती.

तेव्हा आपलं हे भांडण मी जिंकले, आक्का. ती मला काकीच म्हणणार. जिंकल्याचं तुम्हाला सांगायला मी आत वळले, उंबऱ्यापर्यंत गेलेसुद्धा. "लई ताठा हाय तुला," असं म्हणायला आत कुणी नव्हतं. मी उंबऱ्यावर उभी राहून आपलं "आहेच" म्हणाले, आणि छबीला जेवायला वाढलं.